सायकस लावायचाय: बी की पिल्लू?

घरी सायकस रेव्होल्यूटा, म्हणजे ताडासारखं दिसणारं शोभेचं झाड, वाढवायचा तर एक तर मोठ्या झाडाच्या बुंध्याला आलेलं पिल्लू काढून लावायचं, नाही तर बिया रुजवायच्या. मी दोन्ही केलंय. दारात लवकर भरदार झाड हवं असेल, तर पिल्लूच घ्या. ते आईच्याच लिंगाचं निघतं, हा आणखी एक फायदा. बियांच्या रोपाचं नर की मादी हे फुलांऐवजी येणारे शंकू दिसेपर्यंत, म्हणजे कित्येक वर्षं, कळत नाही.

तरीही माझा कल बियांकडे आहे, आणि त्याला कारण आपला पावसाळा. पिल्लू कापल्यावर जखम सावलीत पुरती सुकावी लागते. फोंड्याकडे जून ते सप्टेंबर ती सुकतच नाही, आणि आपल्याकडे तर मिरगाला झाडं लावायची रीत. बरं, कुजलं तर कुजलं, पण ते कळतही नाही. कंदात अन्न साठलेलं असतं, त्यामुळे एकही मूळ नसताना पिल्लू महिनोन्‌महिने टणक राहतं. उपटून बघावं तर नुकतं आलेलं मूळ तुटायची भीती. रोज पाणी घालत राहायचं, आणि एक दिवस अंगठ्याने दाबलं की बोट सरळ आत जातं, आंबूस वास येतो. मला हेच सोसवेना.

बी असं ताटकळत ठेवत नाही. आडवी, अर्धी उघडी ठेवून लावली की एका टोकाला कवच फाटतं, जाड मूळ बाहेर येतं आणि खाली वळताना डोळ्यांना दिसतं. पान त्यानंतर बऱ्याच उशिरा. पण मूळ दिसलं की मन निर्धास्त होतं.

बिया घेताना मात्र एक विचारा: जवळपास नर झाड होतं का, की हाताने परागण केलं होतं? मादीला परागणाशिवायही लालभडक बिया धरतात, त्या रुजत नाहीत. गर काढून पाण्यात टाका, तरंगतील त्या बहुधा पोकळ. गर काढताना हातमोजे हवेतच. बियांत सायकॅसिन हे विष असतं, घरात कुत्रा असेल तर फार जपा. ताज्या बीतला भ्रूण बहुतेकदा अपुरा वाढलेला असतो, म्हणून काही महिने त्या सावलीत ठेवून मगच लावाव्यात. थंड देशांत खालून ऊब द्यावी लागते, आपल्याकडे पागोळ्यांपासून आत, पडवीत ठेवलेली कुंडी पुरते. फक्त ती खोल हवी, सोटमूळ लांब जातं. जाड वाळूत थोडं कोकोपीट, बस. पुढे मातीच्या वर पोवळ्यासारख्या गाठी दिसल्या तर रोग समजून कापू नका. त्यांत नीलहरित जिवाणू राहतात आणि रोपाला नत्र पुरवतात.

पश्चिम घाटातला सायकस सर्सिनॅलिस आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत संकटग्रस्त आहे, त्याच्या बिया रानातून आणू नका, बागेतल्या झाडाच्याच घ्या.

पिल्लूच हवं असेल, तर नाताळ उलटल्यावर काढा, सगळी पानं छाटा, आणि पावसाआधी मुळं धरतील एवढा वेळ हाताशी ठेवा.