फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा: दुर्बीण, सोनोग्राफी की सीटी?

सीटीत गाठ दिसली आणि ‘बायॉप्सी करा’ असा सल्ला मिळाला, की घरात चर्चा सुरू होते ती नाशिक की मुंबई याची. त्याआधी विचारायचं ते हे, की गाठीपर्यंत जायचं कुठल्या वाटेने? ते गाठीची जागा ठरवते.

मानेत गाठ लागत असेल किंवा छातीत पाणी झालं असेल, तर आधी तिथलाच नमुना घ्यावा. त्रास सगळ्यात कमी, आणि आजार किती पसरलाय तेही कळतं. गाठ मोठ्या श्वासनलिकेला लागून असेल, थुंकीतून रक्त पडत असेल, तर दुर्बीण (नाका-तोंडातून श्वासनलिकेत घालतात ती, ब्रॉन्कोस्कोपी). छातीच्या मध्यभागी लसीकाग्रंथी वाढल्या असतील तर ईबस, म्हणजे टोकाला सोनोग्राफी असलेली दुर्बीण.

कडेच्या लहान गाठीपर्यंत मात्र साधी दुर्बीण सहसा पोचत नाही. तिथे बाहेरून सुई. गाठ छातीच्या भिंतीला टेकलेली असेल तर सोनोग्राफीवर जमेल का, हे आवर्जून विचारा: सुई जाताना पडद्यावर दिसते, किरणोत्सर्ग नाही, छातीत हवा सुटण्याचा धोकाही कमी. पण मध्ये हवेने भरलेल्या फुप्फुसाचा पातळ थर जरी आला, तरी सोनोग्राफीला पलीकडचं दिसत नाही. मग सीटीच.

सीटीत १७ किंवा १९ गेजची (गेज म्हणजे सुईच्या जाडीचं माप) बाहेरची पोकळ सुई गाठीच्या कडेपर्यंत नेतात आणि तिच्यातूनच बारीक सुईने तीन-चार तुकडे काढतात, म्हणजे फुप्फुसाचं आवरण पुन्हापुन्हा टोचलं जात नाही. श्वास दर वेळी सारखाच धरायचा. कमीजास्त झाला की खालच्या भागातली गाठ जागेवरून सरकते. साधारण पाचांतल्या एकाला छातीत थोडी हवा सुटते. बहुतेकांची आपोआप जिरते, काहींना नळी घालावी लागते. वर्षानुवर्षं बिडी ओढलेल्या, एम्फिसीमा (फुप्फुसातले हवेचे फुगे खराब होणं) असलेल्या पेशंटला हा धोका जास्त.

‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ या भीतीने तपासणी लांबवू नका. सुईच्या वाटेवर गाठ होणं हजारात एकापेक्षाही कमी.

पैसे वाचवायला नुसती एफएनएसी (बारीक सुईने फक्त पेशी ओढून घेणं) करणं पुष्कळदा महागात पडतं. ‘कॅन्सरच्या पेशी’ एवढंच कळतं. ईजीएफआर, एएलके, पीडी-एल१ या, कुठलं औषध लागू पडेल ते ठरवणाऱ्या तपासण्यांना पेशी पुरत नाहीत आणि पुन्हा सुई घ्यावी लागते. शक्य असेल तिथे कोअर बायॉप्सीच (जाडसर सुईने अख्खा तुकडा काढणं) मागा. आपल्याकडे टीबीची गाठही हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते. म्हणून एक तुकडा फॉर्मलिनऐवजी सलाईनमध्ये, सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी) ठेवायला सुई घालण्याआधीच सांगा. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर होत नाही.

आधी प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) तपासतात. क्लोपिडोग्रेल हे रक्त पातळ ठेवणारं औषध साधारण पाच दिवस बंद ठेवतात, पण स्टेंट असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवू नका. सुरगाणा, पेठ किंवा सटाण्याहून येणाऱ्यांनी ती रात्र नाशिकातच काढावी, कारण हवा काही तासांनीही सुटू शकते. धाप लागली, छातीत कळ आली किंवा रक्त जास्त पडलं, तर लगेच एक्स-रे. पुढे परळला टाटात जायचं असेल तर रिपोर्टच्या झेरॉक्सवर भागत नाही. पॅथॉलॉजीतून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (ज्यात तुकडा जपून ठेवलेला असतो) दोन्ही मागून घ्या.