धमनीच्या भित्तिकेतील कोलॅजेन : मधला थर आणि बाहेरचा थर

धमनीच्या मधल्या थरात कोलॅजेन या चिवट, ताठर प्रथिनाचे बारीक तंतू इलॅस्टिन या लवचीक प्रथिनाचे पापुद्रे आणि स्नायुपेशी यांच्यामध्ये, बहुतांशी वर्तुळाकार दिशेने, बसलेले असतात. रक्तदाबामुळे भित्तिकेवर येणारा मुख्य ताणही त्याच दिशेचा असल्याने ही मांडणी अत्यंत समर्पक वाटते.

बाहेरच्या थराची गोष्ट वेगळी आहे. ताण नसताना तेथील जाडसर जुडगे सूक्ष्मदर्शकाखाली नागमोडी, सैल पडलेल्या दोरीसारखे दिसतात आणि त्यांच्या दिशांमध्येही अधिक विखुरलेपणा असतो. ताण वाढू लागला की आधी या लाटा सरळ होतात, तंतू ओढीच्या दिशेने काहीसे वळतात आणि मगच ते भार उचलतात. कोलॅजेन इलॅस्टिनपेक्षा शेकडो पटींनी ताठर असल्यामुळे त्यानंतर भित्तिका झपाट्याने कडक होते. मार्गोट रोच आणि अ‍ॅलन बर्टन या संशोधकांनी 1957 मध्ये मानवी धमन्यांतील एकेक घटक रसायनांनी काढून दाखवले, की कमी ताणाला इलॅस्टिन आणि जास्त ताणाला कोलॅजेन तोंड देते.

म्हणून रोजच्या दाबात मधला थर महत्त्वाचा असला, तरी अतिताणापासून संरक्षणाचे श्रेय मी बाहेरच्या थरालाच देईन, कारण त्याचा सैलपणा हीच त्याची राखीव ताकद आहे.