आपत्तीकाळातील अत्याचार-प्रतिबंधाचे प्रशिक्षण : अवश्य घ्यावे, मात्र कायद्याच्या सत्राला वेळ वाढवावा

पूर, दरड किंवा भूकंपानंतर मदतीला जाणाऱ्या कार्यकर्त्यांना, त्या धावपळीत स्त्रियांवर व मुलांवर होणारे अत्याचार कसे रोखावेत आणि ते घडल्यास आपण नेमके काय करावे, हे शिकवणारे दोन दिवसांचे प्रशिक्षण पुण्यातील एका स्वयंसेवी संस्थेने नुकतेच घेतले. निवारा केंद्रांवर काम करत असल्यामुळे मी त्यात सहभागी झाले. एक सत्र वगळता ते अतिशय उपयुक्त होते.

सर्वांत मोलाचे सत्र निवारा केंद्राच्या आराखड्याचे होते. जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरे पाण्याखाली गेली होती. तशीच वेळ आली आहे असे समजून, महापालिकेच्या एका शाळेत दोनशे माणसांची सोय करा, असे प्रत्येक गटाला सांगण्यात आले. आमच्या गटाने झोपण्याच्या खोल्या, धान्यवाटप, औषधे असे सगळे नीट मांडले आणि शौचालये मैदानापलीकडे, कुंपणाच्या भिंतीलगत दाखवली. प्रशिक्षिकाताईंनी त्या तक्त्यावर काळा कागद पसरला आणि विचारले, "रात्री वीज गेली आहे. आता पंधरा वर्षांची मुलगी इथपासून तिथपर्यंत कशी जाईल?" आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. अशा ठिकाणी बायका संध्याकाळपासून पाणी पिणेच बंद करतात, हे त्यांनी सांगितले तेव्हा अनेकींनी माना डोलावल्या. वीस माणसांमागे किमान एक शौचालय, स्त्रियांसाठी पुरुषांच्या तिप्पट, आतून कडी आणि वाटेवर दिवा, हे मदतकार्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय स्फिअर मानकांतले निकष त्यानंतर कोणाला पाठ करावे लागले नाहीत. धान्यवाटप एकाच माणसाच्या हाती असू नये, कारण शिध्याच्या बदल्यात शरीराची मागणी करणारा मदत करणाऱ्यांपैकीही असू शकतो, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. आपल्याच माणसांविषयी इतके स्पष्ट बोलणारे प्रशिक्षण मी यापूर्वी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी अत्याचार झालेल्या स्त्रीचे म्हणणे कसे ऐकावे, याचा भूमिका घेऊन सराव झाला. एका सहभागी दादांनी सद्भावनेनेच विचारले, "पण ताई, तुम्ही त्या वेळी एकट्या तिकडे का गेलात?" प्रशिक्षिकांनी सराव तिथेच थांबवला. चौकशी हे आपले काम नाही. तिचे म्हणणे ऐकावे, दोष तिचा नाही हे तिला सांगावे, आणि कुठे कोणती मदत मिळते ते सांगून निर्णय तिच्यावर सोपवावा, हा क्रम त्यांनी पुन्हा पुन्हा करून घेतला. मात्र उपचारांना विलंब चालत नाही, हेही तितक्याच ठामपणे बजावले: बलात्कारानंतर एचआयव्ही-प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते, तर तातडीचे गर्भनिरोधक १२० तासांपर्यंत, पण जितके लवकर तितके परिणामकारक.

उणीव राहिली ती कायद्याच्या सत्रात, जे अखेरच्या घाईत उरकण्यात आले. पीडितेच्या संमतीशिवाय कोणालाही काही सांगू नये, हे आमच्या मनावर दोन दिवस बिंबवले गेले. परंतु पीडित व्यक्ती अठरा वर्षांखालील असल्यास पॉक्सो (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण) कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि फौजदारी प्रक्रियेचा कायदा असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे खासगी रुग्णालयालाही मोफत उपचार करून पोलिसांना माहिती द्यावी लागते, या दोन गोष्टींची संमतीच्या तत्त्वाशी सांगड कशी घालायची, हे कोणी समजावले नाही. "मी कोणाला सांगणार नाही" असा शब्द एखाद्या मुलीला देऊन बसलेला कार्यकर्ता नंतर तिचा विश्वास गमावतो. म्हणून तिने बोलायला सुरुवात करण्यापूर्वीच आपल्या मर्यादा तिला कशा सांगाव्यात, याचा सराव हवा होता. तक्रार न करण्याचा निर्णय घेतलेल्या सज्ञान स्त्रीलाही उपचार नाकारता येत नाहीत, हे तर सहभागींनी विचारल्यावरच सांगण्यात आले.

हाती दिलेली पुस्तिका सोप्या मराठीत आहे. १८१ (महिला मदतवाहिनी), १०९८ (बालकांसाठी) आणि ११२ (आपत्कालीन मदत) हे क्रमांक पहिल्याच पानावर ठळक छापले आहेत आणि पीडित स्त्रियांना उपचार, पोलिस व कायदेशीर मदत एकाच ठिकाणी देणाऱ्या सखी वन स्टॉप केंद्राचे काम थोडक्यात सांगितले आहे. पुढच्या तुकडीत क्षेत्रीय कार्यालयांचे कर्मचारी, आशाताई आणि गणेश मंडळांचे कार्यकर्ते असावेत, अशी विनंती मी आयोजकांना लेखी केली आहे, कारण पाणी शिरते त्या रात्री शाळेचे कुलूप उघडायला सर्वांत आधी हीच मंडळी पोहोचतात.