काड्या-जोडण्यांचा भूमिती संच: कडा मोजायला उत्तम, घन मात्र डुगडुगतो

आकारांच्या बाजू-कोपरे शिकवायला लाकडी ठोकळ्यांपेक्षा प्लॅस्टिकच्या काड्या आणि रबरी जोडण्यांचा हा संच उजवा. ठोकळ्यावर मूल एकच कड दोनदा मोजतं. इथे काडी म्हणजे कड, जोडणी म्हणजे कोपरा. त्रिकोणी चितीला (प्रिझम) 9 काड्या, 6 जोडण्या. चौरस पायाच्या सूचीला (पिरॅमिड) 8 आणि 5. सामान आधी मोजून हातात द्या, उरलं तर कुठेतरी चुकलंय.

खरी गंमत घनात आहे. 12 काड्या, 8 जोडण्या बरोबर लावूनही तो एका अंगाला कलतो. हा मालाचा दोष नव्हे. त्रिकोणाच्या बाजू ठरल्या की कोन ठरतात, चौकोनाचे ठरत नाहीत. म्हणून चौरस दाबला की तिरका समभुज चौकोन होतो. सहाही पृष्ठांवर एकेक कर्ण टाकला की घन ताठ होतो. मात्र 10 सेंमी कडेला कर्ण सुमारे 14.1 सेंमी लागतो (जोडणीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा), आणि संचात काड्या एकाच लांबीच्या! ही कंजुषी खटकते. अष्टफलकालाही (आठ त्रिकोणी पृष्ठांचा आकार) काड्या 12च, जोडण्या फक्त 6, पण सगळे त्रिकोण असल्याने तो कर्णाशिवाय घट्ट राहतो.

पृष्ठं पोकळ असल्याने तळ मोजायचा राहून जातो. पृष्ठं + कोपरे = कडा + 2 असा ताळा करून बघा. वृत्तचिती, शंकू यात होत नाहीत. घेताना जोडणीचे हात वाकतात ना, ते तपासा. काटकोनात घट्ट बसवलेल्या जोडण्यांनी सूची बनत नाही.