धूळ काढायचं मशीन, आणि म्हणे त्यात धूळ गेली!

नऊ महिने वापरलं आणि बंद पडलं. सर्व्हिस सेंटरचं उत्तर: "मोटरमध्ये धूळ गेली आहे, वॉरंटीत बसत नाही." अहो, गालिचे धोपटायचं मशीन आहे हे, त्यात काय गुलाबपाणी जाणार होतं? फोन झाले, फोटो पाठवून झाले, शेवटी कार्बन ब्रश आणि बेअरिंग पदरचे पैसे घालून बदलले.

कामाला मात्र नाव ठेवणार नाही. गालिचा पालथा घालून पाठीवरून मशीन फिरवलं की त्याच्या फिरत्या दांड्यावरच्या पट्ट्यांच्या माराने लवेच्या मुळातली रेती खाली गळते. पहिल्याच आठवड्यात, मी व्हॅक्यूम मारून 'स्वच्छ' ठरवलेल्या एका गालिच्याखाली सुपलीभर रेती निघाली. ती तशीच ठेवून पाणी मारलं की तिचा चिखल होतो, तो ताण्याबाण्यात, म्हणजे विणीच्या उभ्या-आडव्या धाग्यांत, जाऊन बसतो आणि मग कितीही धुवा, पाणी गढूळच.

माझा खरा राग आहे तो जाळीवर. मोटर थंड राहावी म्हणून हवा आत घेणारी जाळी यांनी दिलीय कुठे, तर खालच्या अंगाला, धूळ उडते बरोब्बर तिथे! ज्याने ही जागा ठरवली त्याने आयुष्यात एक तरी गालिचा झटकलाय का? मी त्यावर जुन्या बनियनचं फडकं बांधलं. धूळ अडली, पण हवाही अडली आणि थोड्या वेळात मशीन हात लाववेना इतकं तापलं. मोटर जाण्यात या फडक्याचाही हात असेल कदाचित. सर्व्हिस सेंटरला हे बोललो नाही. आता दर दोन गालिच्यांनंतर प्लग काढून रंगाच्या ब्रशने जाळी झटकतो. मॅन्युअलमध्ये एवढी एक ओळ लिहायला काय झालं होतं?

'गालिचा मऊ करतं' ही मला विकणाऱ्याची बडबड वाटली होती. ते शब्द मागे घेतो. सुती ताण्याचा गालिचा धुऊन वाळला की पुठ्ठ्यासारखा ताठ होतो. पूर्वी दोघं मिळून गुंडाळ-उलगड करत बसायचो. आता पूर्ण वाळल्यावर पाठीवरून दोन हलके हात फिरवले की तो खांद्यावर शालीसारखा पडतो. धूळ काढण्यापेक्षा यालाच मी जास्त मार्क देईन. ओलसर असताना मात्र नको.

रेशमी आणि जीर्ण गालिच्यांना लावूच नका. पाठ वाकवून बघा, करकर वाजली तर ताणा कुजलाय. लॅटेक्स (रबरी डिंक) लावून मागे कापड चिकटवलेला जुना गालिचा आला तर सावध. मी अर्धा तास पांढरी पूड झाडत होतो. ती धूळ नव्हतीच, लॅटेक्स झडत होतं. झालरीपासून वीतभर लांब राहा, दांड्याला गुंडाळते.

पट्टे झिजले की सगळे एकदम बदला म्हणतात. मी काटकसर करून झिजलेले दोनच बदलले. दांड्याचा तोल गेला, हाताला रात्रीपर्यंत मुंग्या. शेवटी पूर्ण संच घातला. जुन्यातले चार अजून धड आहेत, डब्यात ठेवलेत. टाकवत नाहीत.