बावीस वर्षांची कॅम्पर व्हॅन: इंजिन भरवशाचे, वायरिंग मात्र नाही

दोन वर्षांपूर्वी मी ही कॅम्पर व्हॅन घेतली, तेव्हाच ती वीस वर्षांची होती आणि माझ्याआधी तिचे तीन मालक होऊन गेले होते. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण पुढे येणाऱ्या बहुतेक तक्रारी गाडीच्या वयाच्या आणि मधल्या मालकांच्या हौसेच्या आहेत. डिझेल इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक यांनी या काळात वाटेत एकदाही दगा दिला नाही. गाडी तीनदा अडली आणि तिन्ही वेळा दोष विजेचा निघाला.

पहिल्यांदा ती अडली ती भर पावसात, दिवेलागणीला, थोडा वेळ थांबून पुन्हा निघताना. किल्ली फिरवली की सेल्फमधून नुसता ‘टक्’ असा आवाज येई आणि पुढे काही नाही. असा आवाज आला की कोणीही आधी बॅटरीलाच दोष देतो आणि मीही तेच केले. परंतु बॅटरी उतरलेली असती तर किल्ली फिरवताच डॅशबोर्डवरचे दिवे मंदावले असते; ते तर लख्ख होते. बॅटरीला लावलेला वीज मोजायचा मीटरही १२.६ व्होल्ट, म्हणजे जवळपास पूर्ण चार्ज दाखवत होता. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरून सोबत्याला किल्ली फिरवायला सांगितली. जिथे अर्ध्या व्होल्टच्या आतला आकडा यायला हवा, तिथे साडेसात व्होल्ट आले. बॅटरीची ताकद सेल्फपर्यंत पोहोचण्याऐवजी इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीतच संपत होती. जंप केबलची एक तार निगेटिव्ह टर्मिनलवरून थेट इंजिनला लावली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. दुसऱ्या दिवशी ती पट्टी सोडवली, तेव्हा तांब्याच्या वेणीचे बारीक धागे बोटांत हिरव्या भुग्यासारखे चुरगळले. वरून मात्र ती चांगली धडधाकट दिसत होती.

दुसरा दोष अधिक छळणारा होता. गाडी रोज चालवली तर तक्रार नसे, पण पाच-सहा दिवस उभी राहिली की बॅटरी उतरलेली असे. सर्व काही बंद करून, दारे लावून, निगेटिव्ह तारेत मीटर जोडला तेव्हा ०.४ अँपिअर विद्युतप्रवाह चालू होता. एरवी तो ०.०५ च्या आसपास असतो. एवढ्याने दिवसाला जवळजवळ १० अँपिअर-तास जातात, म्हणजे माझी ७० अँपिअर-तासांची बॅटरी आठवडाही तग धरणार नाही. एकेक फ्यूज काढत गेल्यावर रेडिओचा फ्यूज निघताच आकडा खाली आला. कोणीतरी रेडिओची स्मरणासाठीची तार आणि किल्लीवर चालणारी तार एकत्र पिळून, इन्शुलेशन टेप गुंडाळून, कायम चालू असलेल्या लाइनला जोडली होती. असे उरकलेले टेपचे गोळे मला गाडीत आणखी अकरा ठिकाणी सापडले. तिसऱ्या वेळी अल्टरनेटरचे, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचे, कार्बन झिजले होते. त्याबद्दल तक्रार नाही, तो भाग झिजण्यासाठीच असतो.

मागच्या घरगुती भागाने रस्त्यात अडवले नाही, तरी मुक्कामाची मजा घालवली. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना साधारण ४ ते ५ अँपिअर घेतो आणि १०० अँपिअर-तासांच्या साध्या लेड-अॅसिड बॅटरीतून निम्म्याहून जास्त काढू नये असा दंडक आहे, त्यामुळे एका दिवसाची सोय व्हायला हरकत नव्हती. प्रत्यक्षात मध्यरात्रीच कॉम्प्रेसर बंद पडे. अल्टरनेटरपासून मागच्या बॅटरीपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तार टाकलेली होती आणि जाऊन-येऊन तिची लांबी १२ मीटर भरत होती. १५ अँपिअरला तेवढ्या तारेतच सुमारे ०.८ व्होल्ट गळतात. पुढे १४.२ व्होल्ट असताना मागे जेमतेम १३.४ पोहोचत, आणि दिवसभर गाडी हाकूनही ती बॅटरी कधी पूर्ण भरत नसे. १६ चौरस मिलिमीटरची केबल ओढल्यावर गळती ०.२ व्होल्टवर आली. केबलच्या दोन्ही टोकांना बॅटरीलगत फ्यूज बसवले, कारण ही केबल कुठे घासून बॉडीला टेकली तर दोन्हीकडून प्रवाह येणार.

ही गाडी घ्यावी का, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर असे: मीटर हातात धरायची तयारी असेल तर जरूर घ्यावी, आणि पहिल्या लांब प्रवासाआधी सर्व अर्थिंग नवे करून घ्यावे. प्रत्येक बिघाडाला गॅरेज गाठावे लागणार असेल, तर ही गाडी तुमच्यासाठी नाही. कारण हे दोष धक्क्यांनी आणि ओलाव्याने येतात-जातात आणि मेकॅनिकपुढे उभी केली की गाडी अगदी शहाण्यासारखी वागते. गेल्या आठ महिन्यांत ती एकदाही अडलेली नाही. इंडिकेटर दिला की इंधनाचा काटा अजून त्याच तालावर डोलतो, तेवढे अर्थिंग राहिले आहे. ते डॅशबोर्डच्या मागे आहे आणि डॅशबोर्ड उतरवायचा धीर अजून झालेला नाही.