रेडमाइन : जळगावच्या आमच्या टीमचा दोन वर्षांचा अनुभव

रावेर-सावद्याच्या केळी व्यापाऱ्यांसाठी बिलांचे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या आमच्या सहा जणांच्या टीमने बगची, म्हणजे सॉफ्टवेअरमधील चुकांची, नोंद ठेवण्यासाठी रेडमाइन हे साधन निवडले, त्याला दोन वर्षे झाली. त्याआधी तक्रारी व्हॉट्सॲपवर येत आणि तिथेच विरून जात. बिलात घट (वजनातील तूट) दोनदा वजा होत असल्याचे ऐन हंगामात तीनदा कळवले गेले, पण ते काम कोणी हाती घेतले आहे, हे कोणालाच सांगता येईना. व्यापाऱ्यासमोर तेव्हा आलेली नामुष्की मी विसरलेलो नाही.

जिरा हे अशाच कामाचे दुसरे साधनही आम्ही पाहिले. ते समर्थ आहे, परंतु 15 फेब्रुवारी 2024 पासून त्याच्या, स्वतःच्या सर्व्हरवर बसवायच्या, ‘सर्व्हर’ आवृत्तीला आधार मिळणे बंद झाले आणि आम्हाला माहिती स्वतःच्या सर्व्हरवरच हवी होती. 1998 सालचे बगझिला हे साधन भक्कम, पण बगपुरतेच.

2006 पासून उपलब्ध असलेले रेडमाइन मुक्त आणि विनामूल्य आहे. कोडमधील बदल जमा करताना संदेशात ठरलेल्या पद्धतीने नोंदीचा क्रमांक लिहिला की तो बदल त्या नोंदीखाली आपोआप दिसतो, आणि कोणत्या भूमिकेतील व्यक्तीने नोंदीची स्थिती कोठून कोठे न्यावी, हेही ठरवून देता येते. आमच्याकडे नोंद बंद करण्याचा अधिकार केवळ चाचणी करणाऱ्या ताईंना आहे. माझ्या मते हीच सर्वांत मोलाची सोय.

नवी आवृत्ती बसवताना मात्र जुने प्लगइन, म्हणजे वरून जोडलेल्या जादा सोयी, अडून बसतात, म्हणून आधी बॅकअप घ्यावाच.